सरळ रेषेत नऊशे मीटर

सकाळी साडेदहाला शिक्षण खात्याचे साहेब तेरणा नदीकाठच्या वस्तीवरची शाळा बंद करायचा कागद घेऊन आले. पटावर मुलं नऊच आणि दुसरी शाळा एका किलोमीटरच्या आत, एवढंच कारण त्यात होतं.

सही करण्याआधी त्यांनी चौथीतल्या युसराला सहज विचारलं, "देशाचा मध्य कुठं आहे, बाळ?"

"नागपुरात. तिथं दगड हाय. त्याच्यापासून लांबलांबच्या गावांची अंतरं मोजलीत."

"शाब्बास!"

"मग आमच्या शाळेचं कुठून मोजलं, साहेब?"

"नकाशावर. सरळ रेषेत नऊशे मीटर."

दाराशी उभी असलेली तिची दादी जमिलाबी आत आली. "ती रेषा नदीतनं जाती, साहेब. पुलावरनं सहा किलोमीटर पडतंय."

"नियमात सरळ रेषाच आहे, आजी."

जमिलाबीनं नातीचा हात त्यांच्या हातात दिला. "मग न्या की हिला त्याच रेषेनं. व्हा फुडं, आमी समदी मागनं येताव."



दुपारचे चार वाजलेत. एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात युसराचा हात धरून साहेब पाण्याच्या काठावरच उभे आहेत, आणि कागदावर अजून सही नाही.