दाराला ठाऊक असलेला चेहरा

अठरा वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी हर्षला दूध घेऊन परतली, तर बालगृहाच्या दाराने तिला ओळखलंच नाही; अठरा पूर्ण होताच मुलांचे चेहरे त्यातून पुसले जात. आता सगळीच दारं चेहरा बघून उघडत आणि तिचा चेहरा कुठल्याच दाराला ठाऊक नव्हता.

पूर्वी बालगृहात स्वयंपाक करणाऱ्या यमुनामावशी मिरजेला राहत. निदान आठवडाभर ठेवून घ्या, असं विनवायचं ठरवून ती तिथे पोचली. ती बेल शोधत होती, तोच दार आपोआप उघडलं.

“मावशी, मी तर इथे पहिल्यांदाच येतेय!”

“अगं, दर दिवाळीला तू पाठवलेला फोटो मी दाराला दाखवत आले. वाढत होतीस ना!”

 हर्षला पाया पडायला वाकली.

“पाहुणीसारखी वाकतेस काय? चपला आत घे, बाहेर कुत्री पळवतात.”