परतणाऱ्या मुली

आत्याच्या सगळ्या किशोरकादंबऱ्या नदीकाठच्या तिच्याच गावात घडायच्या आणि घर सोडून गेलेली प्रत्येक मुलगी शेवटी आनंदानं परतायची. नव्या कादंबरीचं प्रूफ सोळा वर्षांची भाची तिच्या खांद्यावरून वाचत होती. पोरीला शहरात चित्रकलेला प्रवेश मिळाला होता, पण बाबा सोडत नव्हते. "आत्या, तुझ्या गोष्टींतली एकतरी मुलगी बाहेर रमते का? बाबा मला तुझीच पुस्तकं दाखवतात." आत्या उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटच्या पानावर काट मारली, तरी जीव थाऱ्यावर येईना. भाचीचा हात धरून ती तडक धक्क्यावर गेली. भाऊ होडीला रंग देत होता. "दादा, माझ्या मुली परततात, कारण मीच कधी गेले नाही. हिला जाऊ दे." त्यानं ब्रश रंगाच्या डब्यावर आडवा ठेवला. मग लेकीला म्हणाला, "हॉस्टेल बघायला मी आलो तर चालेल?"