जागच्या जागी

दोघी बहिणी घरूनच दवाखान्यांसाठी वेब अ‍ॅप बनवत. सोमवारपासून धाकटी दुसऱ्या शहरात नोकरीला जाणार होती. आपल्यामागे ताईचं कुठे अडू नये, म्हणून तिने अ‍ॅपची सगळी फोल्डरं नव्याने लावायला घेतली. आजवर पानं एका फोल्डरात, फोटो दुसऱ्यात आणि उरलंसुरलं 'इतर'मध्ये कोंबलेलं असे. आता तिने कामाप्रमाणे वाटण्या केल्या. लॉगिनचं झाडून सगळं 'लॉगिन'मध्ये गेलं, पेशंटचे नंबर लावण्याचं 'नंबर'मध्ये, आणि 'इतर' रिकामं करून तिने काढूनच टाकलं.

"एवढी शिस्त लहानपणी कपाटाला लावली असतीस, तर आईची बोलणी तरी वाचली असती," मागे उभी राहून बघत ताई म्हणाली.

"चेष्टा पुरे. डोळे मिटून सापडेल बघ आता सगळं. मला विचारायची वेळच येणार नाही तुझ्यावर."

ताईने नुसतं "हं" केलं आणि ती आपल्या कामाला लागली.

नव्या ऑफिसात दुसऱ्याच दिवशी भर मीटिंगमध्ये धाकटीचा फोन वाजला. ती लगबगीने बाहेर आली.

"अगं, लॉगिनची फाइल कुठे ठेवलीस? मेली सापडतच नाहीये."

धाकटीने कपाळावर हात मारला. "ताई, अगं 'लॉगिन' नावाच्याच फोल्डरात आहे ना!"

"हो का? बरं," ताई म्हणाली. "मग उद्या कुठली हरवू, तेही सांगून ठेव."