शेजारच्या बाजूची खिडकी

एनिडने चुरचुरणारा बेकनचा पॅन खिडकीत धरला आणि हातातल्या फडक्याने त्याचा वास कुंपणापलीकडे हाकायला सुरुवात केली.

"अगं, आग लागली की काय?" वरच्या खोल्या आवरून खाली आलेली तिची बहीण नोरा दारातच थबकली.

"लागलीच आहे," एनिड म्हणाली.

आग शेजारी राहत होती. ग्लेंडा तिचं नाव. दोघींच्या खिडक्यांतून यॉर्कशायरचा तोच करडा समुद्र दिसायचा आणि दोघी पाहुण्यांना रात्री खोली आणि सकाळी न्याहारी द्यायच्या. दर सप्टेंबरात मिस्टर हॅडली आठवडाभर एनिडकडे उतरायचे. रेल्वेतले निवृत्त इंजिनचालक, विधुर, फारसं न बोलणारे. स्वयंपाकघराच्या वरची खोली त्यांची. यंदा ते टॅक्सीतून उतरले आणि बॅग घेऊन सरळ ग्लेंडाच्या फाटकात शिरले. जाता जाता एनिडला पाहून त्यांनी टोपी उचलली. ती उचलली नसती तर तिला कमी लागलं असतं.

आणि गेले ते कुणाकडे, तर ग्लेंडाकडे! जी बाई सॉसेजला नीट रंगही येऊ देत नाही! एनिडचा जीव नुसता जळत होता. तिची न्याहारी म्हणजे न्याहारी होती. कडा कुरकुरीत झालेलं बेकन, त्याच्याच चरबीत तळलेला पाव, काळ्या पुडिंगच्या, म्हणजे डुकराच्या रक्ताच्या सॉसेजच्या, दोन चकत्या, अर्धा टोमॅटो, बलक हलता ठेवलेलं अंडं. बीन्सचा रस्सा अंड्याला लागू नये म्हणून मध्ये आडवा सॉसेजचा बांध. दर वर्षी पहिल्या सकाळी मिस्टर हॅडली त्या बांधाकडे बघून म्हणायचे, "धरण मजबूत आहे हो यंदा, एनिडबाई." नवरा गेल्यापासून तिला कुणी एवढं गोड काही म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी ती ऑगस्टपासून पडदे धुवायला काढायची.

न्याहारीच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. एकदा एका पाहुणीने तळलेलं नको, ओट्सची लापशी द्या म्हटलं, तर एनिडने तिला किनाऱ्यावर मुलांना फिरवणाऱ्या गाढवांकडे जायचा रस्ता दाखवला होता. तेव्हा मिस्टर हॅडली त्याच टेबलाशी बसले होते. पावाने ताट पुसता पुसता हसले होते.

"कसे आहेत तुझे पाहुणे?" काल एनिडने कुंपणावरून सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

"तुझे म्हण की गं!" ग्लेंडा म्हणाली. "मजेत आहेत. माझ्या हातचं फार आवडतंय त्यांना."

रात्रभर ते वाक्य एनिडला सलत राहिलं. त्यातून सीगलही फितूर झाले होते. हल्ली न्याहारीनंतर सगळ्यांची ग्लेंडाच्या कचऱ्याच्या डब्यावर झुंबड उडायची. एवढं रांधते की पाखरांनाही पुरतं, एनिडला वाटायचं, आणि तिला त्या पाखरांचाही राग यायचा.

म्हणून आज हा पॅन आणि हे फडकं.

ग्लेंडाचं दार उघडलं. मिस्टर हॅडली बाहेर आले, कुंपणापाशी थांबले. एनिडने फडकं आणखी जोरात हलवलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि जवळजवळ पळतच ते समुद्राकडे निघून गेले.

"माझ्या बेकनला नाक दाबतो!" एनिडने पॅन आदळला.

"जाऊ दे गं," नोरा म्हणाली.

पण एनिड एप्रनसकट रस्त्यावर पोहोचली होती. समुद्राकाठच्या बाकावर तिने त्यांना गाठलं.

"मला एकच सांगा, मिस्टर हॅडली. तिच्या ताटात असं काय आहे, जे माझ्या ताटात नव्हतं?"

"काही नाही," ते म्हणाले. "पाव तेलकट. सॉसेज मधून गार. बीन्स अंड्यात पोहत असतात. दोन घासांत पुरे होतं. बाकीचं सीगल खातात."

"मग?"

"मग काय, तेच तर हवंय." त्यांनी रुमालाची घडी घातली. "हिवाळ्यात छातीत कळ आली, एनिडबाई. तळलेलं आता फक्त चाखायचं, असा डॉक्टरांचा हुकूम आहे. तुमच्या ताटात मी कधी पावाचा एक तुकडा तरी ठेवलाय का?"

एनिड बाकाच्या कडेला टेकली. "सांगायचं होतंत. मी लापशी केली असती." हे शब्द आपल्या तोंडून निघताहेत यावर तिचाच विश्वास बसेना.

"तुम्ही? केलीही असतीत," ते हसले. "पण तुमच्या स्वयंपाकघराच्या वर झोपायचं आणि खाली येऊन लापशी खायची? मी इंजिनचालक आहे हो, पाद्री नाही. शेजारी राहिलो की समुद्र तोच, तुम्हीही दिसता. आणि इतके दिवस तुमच्या बेकनचा वास तरी येत नव्हता."

आयुष्यात पहिल्यांदाच एनिडला कुणाच्या तरी वाईट स्वयंपाकाचा हेवा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांसाठी पॅन तापवण्याआधी तिने शेजारच्या बाजूची खिडकी लावली, कडी घातली आणि खालच्या फटीत तेच फडकं कोंबलं.

"अगं, घरभर धूर होईल," नोरा म्हणाली.

"होऊ दे," एनिड म्हणाली.