रेषेबाहेरचं चाक

रोवेना आणि डेलचं फिरतं घर, म्हणजे स्वयंपाकघर-पलंगासकटची ती लांबलचक गाडी, दारात आखलेल्या जागेत उभी राहिली की शेजारची ट्रूडी तक्रार घेऊन वसाहतीच्या समितीकडे धावायची. वर गोड हसून सांगायची, "चाक रेषेबाहेर आलंय हं, रोवेना."

शेवटी दोघांनी गाडीतच राहायचं आणि घर भाड्याने द्यायचं ठरवलं.

"त्या शाळेतल्या बाईंना देऊ या," डेल म्हणाला. "किती शांत आहेत!"

"शांत माणूस हवाय कुणाला? ड्रम वाजवणाऱ्या त्या पोरांना द्यायचं. ती गॅरेजमध्येच वाजवणार, आणि ट्रूडीची निजायची खोली आपल्या गॅरेजसमोरच आहे. दुपारी वाजवायला समितीची आडकाठी नाही, आणि दुपारी झोपल्याशिवाय तिला चैन नाही."

"अगं, किती खुनशी गं तू!"

हिवाळाभर ॲरिझोनात, गाड्यांच्या तळावर निवडुंगाशेजारी खुर्ची टाकून रोवेना रोज दुपारी तिकडचा दणदणाट मनात ऐकायची आणि खुदकन हसायची.

एके दुपारी तळाची नवी राखणदारीण फेरीवर आली. पिवळं जाकीट, डोक्यावर टोपी.

ट्रूडी!

"तुझ्या त्या पोरांनी जगणं नकोसं केलं गं. मग आम्हीही घर भाड्याने दिलं आणि गाडी घेतली," ती म्हणाली. "इथे राखणदाराला जागा फुकट मिळते. नियम तेवढे सगळ्यांकडून पाळून घ्यायचे."

मग ती सावकाश खाली वाकली.



"चाक रेषेबाहेर आलंय हं, रोवेना."