कागदी कपांचा टेलिफोन

धाकट्याने दुसऱ्या कपाच्या बुडालाही सुईने भोक पाडलं, दोरा ओवला, आतून आगकाडी मोडून बांधली, आणि टेलिफोन तयार झाल्याचं जाहीर केलं. शाळेने सुट्टीसाठी दिलेल्या ‘घरच्या घरी, बिनखर्चात’ या कागदावरची ही नववी कृती. आधीच्या आठांपैकी बाटलीची कुंडी गळत होती आणि मोज्याचा ससा मांजरासारखा दिसत होता. तेव्हा हाही फसेल, अशी ताईला आशा होती.

ताई दहा वर्षांची. टेलिफोनशी तिचं वाकडं असायचं कारण साधं होतं. या घरातला टेलिफोन तीच होती.

आई स्वयंपाकघरात, बाबा बाहेरच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत बसलेले, मध्ये अकरा पावलांचा बोळ. सुट्टी लागली त्याच आठवड्यात दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून जे काही सांगायचं ते ताईमार्फत. ताई निरोप पोचवायची, पण पोस्टमनसारखा नाही. वाटेत पाकीट फोडून, मजकूर नीटनेटका करून. बाबा म्हणायचे, तिला विचार, हा चहा आहे की भांडी विसळल्याचं पाणी. ताई सांगायची, चहा जरा कडक हवा होता. आई म्हणायची, पाणी उठून घ्यायला त्यांचे हातपाय मोडलेत का. ताई स्वतःच पेला भरून न्यायची आणि आईने दिलंय म्हणायची. पोर गुणाची आहे, असं दोघंही म्हणत. तेवढ्या एका बाबतीत त्यांचं अजून एकमत होतं.

काल, शुक्रवारी, मात्र निरोप जड आला. दुसऱ्या गावातल्या वसतिगृहात आईला मेट्रनची नोकरी मिळाली होती. राहायला एक खोली, तीही एकटीपुरती. मुलं चालणार नव्हती. सोमवारी कळवायचं होतं. मी जाऊ का, विचार त्यांना, असं आईने सांगितलं. ताईने जाऊन विचारलं. बाबांनी डोळ्याचं भिंगही काढलं नाही.

“जा म्हणावं. अडवलंय कुणी?”

अकरा पावलांत ताईने त्याचं केलं, “जाऊ नकोस म्हणाले.”

आईने ते तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग माळ्यावरून काढलेली बॅग पलंगाखाली सरकवली, आणि भाजी चिरताना कितीतरी दिवसांनी काहीतरी गुणगुणली.

आता धाकटा एक कप बाबांच्या हातात कोंबून आला आणि दुसरा आईच्या. बाबा झिडकारतील अशी ताईची खात्री होती, पण कसलंही यंत्र समोर आलं की त्या माणसाचा हात आपोआप पुढे होई. आईने तर ओले हात पुसले, केस कानामागे सारले. धाकट्याने बोळात उभं राहून नियम वाचून दाखवले. दोरा ताठ हवा. कशालाही टेकता कामा नये.

आईने कप तोंडाशी नेला, तशी ताईने दोरा चिमटीत धरला.

आईचा आवाज चिमटीत मुंगीसारखा वळवळला आणि तिथेच संपला. काही ऐकू येत नाही, असं बाबा मोठ्याने म्हणाले. ते आईला कपाशिवायच स्वच्छ ऐकू गेलं. तसं पाहिलं तर या घरात एकीकडे चमचा पडला तरी दुसरीकडे कळायचं. पण दोघंही आपापला कप धरून बसली होती, जणू मध्ये समुद्र होता.

“ताईने दोरा धरलाय,” धाकट्याने चहाडी केली. “धरायचा नाही असं लिहिलंय.”

आई दारात आली. “सोड गं,” ती म्हणाली. हसून म्हणाली, म्हणून ताईला सोडावा लागला.

आई पुन्हा आत गेली आणि डोळे मिटून कपात बोलली. हळू बोलली, तरी बोळात शब्द न् शब्द आला.

“जाऊ नकोस म्हणालात ना काल? तेच एकदा मला म्हणा. मी नाही जाणार.”

तिने कप कानाला लावला. पलीकडच्या खोलीत दुरुस्तीला आलेली घड्याळं आपापल्या मर्जीने टिकटिकत होती.

“मी कधी म्हणालो असं?” बाबांनी विचारलं. रागाने नाही. हरवलेल्या पावतीबद्दल विचारावं तसं.

आईने कप लगेच काढला नाही. पुढे काही येईल म्हणून ती तशीच थांबली. मग तिने तो ओट्यावर पालथा ठेवला आणि ताईला आत बोलावलं.

“बाबांना सांग, सोमवारी मी होकार कळवतेय. आणि जसंच्या तसं सांग.”

ताई गेली. वाटेत धाकटा विचारत होता, आता माझी पाळी ना, माझी पाळी ना. बाबांनी निरोप ऐकला, ‘बरं’ म्हटलं, भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि चिमट्याने एक बारीक चाक उचललं.

ताई परत आली. “बरं म्हणाले.”

“आणि?”

“आणि काही नाही. जसंच्या तसं सांगितलं.”

आई तरीही तिच्या ओठांकडे बघत राहिली.