पुनरुत्थानाचे पुरावे

आठ वर्षांच्या सलोमीच्या कबरीवरची माती अजून ओली होती. लोक पांगले, तरी तिची आई दुर्कस जागची उठेना. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत वीस वर्षं येशूचं मरणातून पुनरुत्थान शिकवणारे सलोमीचे वडील, रेव्हरंड रणनवरे, तिला धीर देऊ लागले.

"येशूची कबर रिकामी सापडली. पहिली साक्ष स्त्रियांची. खोटंच रचायचं असतं, तर त्या काळी बायकांची साक्ष कुणी पुढे केली असती? शिष्यांनी तर त्यापायी जीव दिले."

"अहो, मला कुठे शंका आहे?" दुर्कस म्हणाली. "पण रोज सकाळी सहाला मी पोरीला शाळेसाठी उठवते. उद्या सहाला काय करू, तेवढं सांगा."

रेव्हरंड तिच्याशेजारी मातीतच बसले आणि कबरीवरचे खडे वेचू लागले.